अजून एक चान्स: कुणाला, कधी आणि किती?

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही सगळे मूळचे गिरगावातल्या एकाच चाळीतले. चाळ पुनर्विकासात गेली आणि माणसं दहिसर, विरार, डोंबिवली, पनवेल अशी पांगली. लॉकडाउनमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू केलेला एक खेळ मात्र अजून चालू आहे. दर रविवारी सकाळी मी एक चॅलेंज टाकते: मुंबईतलं अमुक शोधा, फोटो काढा, ग्रुपवर टाका. मुदत बुधवारी रात्री बारापर्यंत. दहापैकी गुण मीच देते. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत एक सीझन. जिंकणाऱ्याच्या घरी चाळीच्या गणेशोत्सवातला जुना पितळी करंडक वर्षभर राहतो.

भांडण पाणपोईवरून झालं. जुनी दगडी पाणपोई शोधायची होती आणि ती कुणाच्या नावाने बांधली ते फोटोत वाचता यायला हवं होतं. एका दादाने रविवारी दुपारीच घराजवळच्या सिमेंटच्या टाकीचा फोटो टाकला. मी चार गुण दिले. सोमवारी दोघांनी जीपीओसमोरच्या कोठारी पाणपोईचे छान फोटो टाकले. मंगळवारी दादा म्हणाला, "घाईत होतो गं, पुन्हा करू दे." त्याचं ऑफिस फोर्टात. लंच टाइममध्ये जाऊन फोटो काढून आला. फोटो खरंच चांगला होता, मी दहा दिले. त्यामुळे तो आमच्या एका काकांच्या दोन गुणांनी पुढे गेला. काका 71 वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार, पण एकही चॅलेंज चुकवत नाहीत. ते म्हणाले, "मग मलाही मागचं मैलाच्या दगडाचं पुन्हा करू दे." त्या वेळी माझाच प्रश्न मोघम होता. मला सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर कोरलेले ब्रिटिश काळातले दगड हवे होते, पण तसं मी लिहिलं नव्हतं. काकांनी हायवेवरचा किलोमीटरचा दगड पाठवला होता. मी म्हटलं, ते आता बंद झालं. काका ग्रुपमधून बाहेर पडले.

आता निम्मे म्हणतात, खेळच तर आहे, कुणी कितीही वेळा करू दे. निम्मे म्हणतात, एकदा पाठवलं की विषय संपला. काहींना दादाचे गुण काढून घ्यायचे आहेत. मागे एका वहिनींना मेगाब्लॉकमुळे मी पुन्हा संधी दिली होती, तेही उकरून काढलंय. मी स्वतःही खेळते, त्यामुळे "ॲडमिनचं काय?" हे आहेच. काय नियम करू?

एक वैतागलेली ॲडमिन, गोरेगाव

उत्तर

काकांच्या जागी मी असते तर मीही ग्रुप सोडला असता. कदाचित दोन दिवसांनी मुकाट परत आले असते, पण सोडला असता. दोन गुणांसाठी 71 वर्षांचा माणूस चाळीतल्या लोकांवर रुसत नाही. "पुन्हा करू दे" असं तुमच्याकडे दोघांनी म्हटलं. एकाची चूक स्वतःच्या घाईची. दुसऱ्याची चूक तुमच्या प्रश्नामुळे झालेली. आणि संधी मिळाली ती पहिल्याला! तुम्ही पक्षपात केलात असं मला वाटत नाही. दादाने मुदतीच्या आत मागितलं, काकांनी मुदत उलटल्यावर, एवढाच विचार तुमच्या डोक्यात असणार. पण हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि न लिहिलेला नियम ज्याच्या विरुद्ध जातो त्याला तो नियम वाटतच नाही, तोंड बघून दिलेला निकाल वाटतो.

म्हणून आधी काकांचं बघू. "मैलाचा दगड शोधा" एवढंच लिहिलं तर लांब राहणारा माणूस हायवेला जाऊन किलोमीटरचा दगडच टिपणार. तुमच्या मनात रोमन आकडे कोरलेले, फुटपाथमध्ये अर्धेमुर्धे गाडले गेलेले जुने दगड आहेत हे त्याला कळणार कुठून? इथे चूक खेळ मांडणाऱ्याची आहे. अशा वेळी पुन्हा संधी देणं म्हणजे उपकार नव्हेत, ते तुमच्याकडे येणं आहे. मुदत संपली म्हणून येणं बुडत नाही.

यात एक मोह होतो, तो टाळा. काकांना फोन करून "बरं, दोन गुण देते, या परत" असं म्हणू नका. वाढीव गुण देऊन तोंड मिटवायचा प्रयत्न याहून फार मोठ्या पातळीवर फसलेला आपण पाहिला आहे. 2024 च्या नीट परीक्षेत काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून 1,563 विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले गेले आणि देशभर गदारोळ उठला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ते गुण रद्द झाले आणि त्या मुलांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर वाढीव गुणांशिवायचे मूळ गुण घ्या. 23 जूनला फेरपरीक्षा झाली, तिला 813 जण बसले. बाकीच्यांनी मूळ गुण पत्करले. त्या एकूण प्रकरणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, हा शेवटचा भाग मला रास्त वाटतो. ज्यांचं नुकसान झालं त्यांनाच संधी, घ्यायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं, आणि नुसत्या अंदाजाने गुणांची खिरापत नाही.

तुमच्याकडे हेच करा. मैलाच्या दगडाच्या वेळी काकांसारखं आणखी कुणी फसलं होतं का ते जुने मेसेज चाळून बघा. असतील तर त्या सगळ्यांना विचारा. मात्र तोच दगड पुन्हा शोधायला लावू नका, कारण तो कुठे आहे हे आता ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलंय. त्याच तोडीचं दुसरं चॅलेंज द्या. याला आपण बदली चॅलेंज म्हणू. अशी चार-पाच बदली चॅलेंजेस कुणाकडून तरी आधीच तयार करून ठेवा आणि बंद ठेवा. ऐन वेळी तुम्ही ती रचायला बसलात तर सोपं दिलं की अवघड, यावरून नवा तंटा उभा राहील.

दादाचं प्रकरण वेगळं आहे. मला त्याच्या दुसऱ्या फोटोचं काही वाटत नाही. वाटतं ते सोमवारचं. रविवार ते मंगळवार या मधल्या काळात त्याने दोन गोष्टी पाहिल्या: आपल्याला किती गुण मिळाले, आणि बरोबर उत्तर कसं दिसतं. त्यानंतर पाणपोई शोधायची राहिलीच कुठे? जीपीओपर्यंत चालत जायचं तेवढं राहिलं.

तुम्ही चाळीत वाढलात, म्हणजे टॅम्प्लीज समजावून सांगायला नको. राज्य असलेल्याचा हात पाठीला लागायच्या आधी म्हटलं तर ते चालायचं. मग चप्पल घाला, पाणी पिऊन या, कुणी काही बोलायचं नाही. हात लागल्यावर ओरडलं तर सगळी पोरं एका सुरात "रडीचा डाव खडी" सुरू करायची. तुमच्या दादाने हात लागल्यावर टॅम्प्लीज म्हटलं आणि तुम्ही ते मान्य केलंत.

मोठ्यांच्या खेळातही या गोष्टीला फार जपतात. मार्च 2017 मध्ये बेंगळुरू कसोटीत पायचीत दिल्यावर रिव्ह्यू (पंचांचा निर्णय टीव्हीवर पुन्हा तपासून मागणं) घ्यावा का, हे विचारायला ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने, स्टीव्ह स्मिथने, ड्रेसिंग रूमकडे पाहिलं, पंचांनी मध्ये पडून त्याला थांबवलं आणि परत पाठवलं. रिव्ह्यू घ्यायला त्याला कुणाचीच मनाई नव्हती. ज्यांच्यासमोर टीव्ही आहे त्यांना विचारून घ्यायला होती.

आणि "कुणी कितीही वेळा करू दे" म्हणणाऱ्यांना एक विचारा. दादाचं ऑफिस फोर्टात, जीपीओ चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पनवेलच्या माणसाला हार्बरने सीएसएमटी गाठायलाच सव्वा तासाच्या वर लागतो. विरारच्या माणसाला चर्चगेटहून परतीच्या गर्दीत चढायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली. घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर विचारायलाच नको. कितीही वेळा करायची मुभा ऐकायला मोठ्या मनाची वाटते. पण तिचा फायदा ज्याचं ऑफिस दक्षिण मुंबईत आणि ज्याचा लंच टाइम ऐसपैस, त्यालाच. चाळ होती तेव्हा सगळ्यांना सगळं सारखं लांब होतं. आता तसं नाही, आणि नियम करताना तुमच्या ग्रुपमधल्या लोकांनी सगळ्यात आधी नकाशा डोळ्यांपुढे ठेवायला हवा. खरं तर चॅलेंज ठरवतानाही. दर रविवारी फोर्ट-गिरगावातलंच काही शोधायला लावत असाल तर तो हिशेब वेगळा करावा लागेल, पण त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही.

यावर उपाय सोपा आहे: फोटो ग्रुपवर येऊच देऊ नका. ते गुण देणाऱ्याला खासगीत जाऊ देत. ग्रुपवर फक्त "झालं" एवढं लिहायचं. वर्डल, तो रोज एक शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ, आठवतो ना? 2022 च्या सुरुवातीला जो तो हिरवे-पिवळे चौकोन टाकत होता. किती प्रयत्नांत जमलं ते दिसायचं, शब्द कळायचा नाही, म्हणून ज्याचं व्हायचं होतं त्याची मजा जात नव्हती. मुदत संपली की गुरुवारी रात्री नऊ वाजता सगळे फोटो एकदम ग्रुपवर टाका. जेवणं उरकून लोक फोन घेऊन बसतील, आणि सिमेंटच्या टाकीवरून जी चेष्टा व्हायची ती त्या दिवशी होईल. गुणही तेव्हाच. रविवारी दुपारी आलेल्या फोटोला रविवारी दुपारीच चार गुण देऊन टाकायची तुम्हाला काय घाई होती?

एवढं केलंत तर पुन्हा करण्यातला निम्मा अन्याय आपोआप जातो. उरतो तो प्रश्न कारणांचा.

वहिनींना मेगाब्लॉकमुळे संधी दिलीत. कारण खरंच होतं, आणि तोच तर घोळ आहे. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, पश्चिमेवर जम्बोब्लॉक, पावसाळ्यात रुळांवर पाणी. मुंबईत रविवारी कारण शोधावं लागत नाही, ते इंडिकेटरवरच लिहिलेलं असतं. आज मेगाब्लॉक मान्य केलात तर उद्या बंद पडलेला फोन, परवा आजारी मूल, तेरवा ऑफिसने अचानक बोलावलं. यातलं एकही खोटं नसेल. मग तुम्ही काय करणार? कुणाची अडचण किती मोठी ते तोलत बसणार? आणि ज्याचं कारण सगळ्यात मोठं असतं तो माणूस ते बहुतेक वेळा सांगत नाही. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी तपासण्यांचे रिपोर्ट यायचे असतात. तो गप्प राहून चार गुण घेतो, आणि बोलका माणूस दहा.

म्हणून माझं म्हणणं असं की कारण विचारूच नका. मोजक्या संधी द्या आणि त्या कशासाठी वापरायच्या ते ज्याचं त्याला ठरवू द्या. क्रिकेटमध्ये 2008 साली भारत-श्रीलंका कसोट्यांत डीआरएस (रिव्ह्यू मागायची पद्धत) पहिल्यांदा वापरून पाहिलं, तेव्हापासून त्याचा गाभा हाच आहे. कसोटीत आज एका डावात तीन रिव्ह्यू वाया घालवता येतात, मागायला 15 सेकंद. पंच कर्णधाराला विचारत नाहीत की बाबा रे, तुला का वाटतं असं. त्याने ते खरोखरच्या चुकीसाठी राखून ठेवावेत किंवा लाडक्या बॉलरचा हट्ट म्हणून उधळावेत. संपले की संपले. मग पुढे ढळढळीत चूक झाली तरी हात चोळत उभं राहायचं, आणि त्यावरून पंचांना कुणी बोल लावत नाही.

गुढीपाडवा ते दिवाळी म्हणजे तुमची साधारण 30 चॅलेंजेस होतात. प्रत्येकाला तीन फेरसंधी पुरेत. फक्त "फेरसंधी घेतोय" किंवा "घेतेय" एवढा मेसेज करायचा, मुदत संपायच्या आत. उरलेली फेरसंधी पुढच्या सीझनला जाणार नाही आणि दुसऱ्याला देता येणार नाही. नवऱ्याची बायकोलाही नाही. हे आधीच लिहून ठेवा, कारण तिसऱ्याच आठवड्यात कुणीतरी विचारणार. मुदतीत काहीच जमलं नाही तर तीच फेरसंधी बदली चॅलेंजसाठी वापरता येईल, म्हणजे मेगाब्लॉकवाल्या वहिनी आणि रिपोर्टची वाट बघणारा गप्प माणूस, दोघांचीही सोय झाली. आणि तुमच्या प्रश्नातच चूक असेल तर कुणाचीही फेरसंधी खर्ची पडणार नाही. प्रश्न चुकला का, हे तुम्ही एकट्याने ठरवू नका. तिघांना विचारा, आणि त्या आठवड्यात ज्यांचं काही अडलेलं नाही असे तिघे निवडा.

दोन प्रयत्नांपैकी कुठला धरायचा? जेईई मेनमध्ये दोन सत्रं दिली तर वरचा निकाल धरतात. तिथे ते योग्यच आहे, मुलांच्या आयुष्याचा प्रश्न असतो. तुमच्याकडे एका पितळी करंडकाचा आहे. इथे शेवटचा फोटो धरा, पहिला रद्द. चांगला तोच धरायचा म्हटलं तर फेरसंधीत जोखीम काहीच उरत नाही, आणि जोखीम नसेल तर पुन्हा करायला निघताना पोटात जो बारीकसा गोळा येतो तो येणार नाही. मला विचाराल तर खेळाची अर्धी मजा त्या गोळ्यात आहे. दुसऱ्या प्रयत्नाचे दोन गुण कापावेत असंही तुमच्यातलं कुणीतरी सुचवेल. नको. तिनातली एक फेरसंधी गेली ही किंमत पुरेशी आहे, त्यावर आणखी दंड नको. शिवाय कापाकापीने तक्ता किचकट होतो आणि तक्ता तुम्हीच ठेवता.

ज्यांना गुणांचं सोयरसुतक नाही त्यांना मोकळं सोडा. गुरुवारी फोटो उघडल्यावर कुणाला कोठारी पाणपोई स्वतः बघावीशी वाटली, किंवा तिथून पुढे मस्जिदला जाऊन केशवजी नाईकांची, वर घड्याळाचा मनोरा असलेली 1876 सालची पाणपोई टिपावीशी वाटली, तर त्याने कितीही वेळा जावं आणि ग्रुपवर खुशाल टाकावं. त्याला वाहवा मिळेल, गुण नाहीत.

आता झाल्या गेल्याचं. दादाचे दहा गुण काढू नका. त्याने विचारलं, तुम्ही हो म्हणालात, त्या दिवशी तोच नियम होता. 2019 च्या वर्ल्ड कपची फायनल आठवा. सामना बरोबरीत, सुपर ओव्हर बरोबरीत, आणि चौकार-षटकार जास्त मारले म्हणून इंग्लंड जिंकलं, 26 विरुद्ध 17. जगभर टीका झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियम काढून टाकला. पण कप इंग्लंडकडेच राहिला. न्यूझीलंडच्या लोकांना ते आजही खुपत असेल, तरी दुसरा मार्ग नव्हता. नियम बदलला की मागचे निकालही बदलायचे अशी सवय लागली तर दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत तुमच्याकडे एकही निकाल पक्का नसेल.

यावर कुणी म्हणेल, मग काकांचं मैलाच्या दगडाचं तरी का उघडायचं? कारण तिथे नियम बदलत नाही, तुमची चूक दुरुस्त होतेय. दादाच्या वेळी कुणाची फसगत झाली नव्हती. हा फरक ग्रुपवर स्पष्ट लिहा, नाहीतर "काकांना एक न्याय आणि आम्हाला एक" हे ठरलेलंच. दादाने आपण होऊन सहा गुण सोडले तर घ्या, पण त्याला तसं कुणी सुचवू नये, तुम्ही तर नाहीच.

आणि ॲडमिनचं काय? ॲडमिनला फेरसंधी नाही. ऐकायला कडक वाटेल, पण सगळ्यांचे फोटो तुमच्याकडे खासगीत येणार म्हणजे उत्तरं तुम्हालाच आधी दिसणार. तुमचा फोटो रविवारी सकाळी चॅलेंज टाकायच्या आधीच दुसऱ्या एकाकडे गेलेला असला पाहिजे, आणि त्याचे गुणही त्यानेच द्यायचे. हे जमत नसेल तर आलटून पालटून चॅलेंज टाका आणि ज्याची पाळी त्याने त्या आठवड्यात खेळायचं नाही. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. तुमचेही रविवार थोडे मोकळे होतील, आणि नियम कसे मोडतात हे सगळ्यांनाच एकदा आतून कळेल.

सीझन संपताना बरोबरी झाली तर उंच उडीतली पद्धत वापरा. तिथे प्रत्येक उंचीला चुकायची मुभा असते, पण बरोबरी झाली की कोण कमी वेळा चुकलं ते बघतात. तुमच्याकडे ज्याने कमी फेरसंधी वापरल्या तो वर. म्हणजे एकाच फटक्यात खेळणाऱ्या काकांच्या शिस्तीला कुठेतरी मोल राहतं. तरीही बरोबरीच असली तर टोकियो ऑलिंपिकमध्ये बार्शिम आणि ताम्बेरी या उंच उडीपटूंनी सुवर्णपदक वाटून घेतलं तसं करा. करंडक सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. गणपती कुणाच्या सहा महिन्यांत येतात यावर भांडू नका म्हणजे झालं.

काकांकडे स्वतः जा. फोनही चालेल, पण मध्यस्थ पाठवू नका आणि "सगळे तुमची आठवण काढतात" असले गोड मेसेज तर नकोतच. एवढंच सांगा: "काका, मैलाच्या दगडाचा प्रश्न माझा चुकला होता, त्यामुळे तुम्हाला बदली चॅलेंज मिळायला हवं होतं. ते देतेय. आणि पुढचे नियम लिहिलेत, ते टाकायच्या आधी तुम्ही एकदा वाचाल का?" जो माणूस 71 व्या वर्षी गुडघे सांभाळत एकही चॅलेंज चुकवत नाही, त्याला तुमच्या मसुद्यातली पळवाट पाच मिनिटांत सापडेल. परत येण्याचा आग्रह करू नका. यायचं असेल तर ते येतील.

ग्रुपवर टाकायला मजकूर देते, तुमच्या बोलीत फिरवून घ्या:

"मंडळी, येत्या रविवारपासून फोटो ग्रुपवर न टाकता मला खासगीत पाठवायचे, इथे फक्त ‘झालं’ लिहायचं. फोटो आणि गुण गुरुवारी रात्री नऊला. पुढच्या पाडव्यापासून प्रत्येकाला सीझनमध्ये तीन फेरसंधी, या सीझनच्या उरलेल्या दिवसांसाठी एक. कारण सांगायचं नाही, मी विचारणार नाही. मुदतीच्या आत मागायची, दुसरा फोटो आला की पहिला रद्द. मुदत गेली तर तीच फेरसंधी वापरून बदली चॅलेंज. प्रश्नच चुकीचा असेल तर ज्यांचं नुकसान झालं त्यांना बदली चॅलेंज, फेरसंधी न वापरता. आजवर दिलेले गुण आहेत तसे राहतील. मैलाच्या दगडाचा प्रश्न माझा चुकला होता, त्यात ज्यांचे गुण गेले त्यांनी मला कळवावं. मला स्वतःला फेरसंधी नाही. आक्षेप असतील तर शनिवारी रात्रीपर्यंत इथेच लिहा."

हे सोमवारी टाका, म्हणजे लोकांना आठवडा मिळतो. लगेच दहा-बारा अंगठे येतील, त्यांना संमती समजू नका. अंगठा देणाऱ्या निम्म्यांनी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. जे दोघे-तिघे नेहमी वाद घालतात त्यांना वेगळं विचारा, "तुमचं काय म्हणणं?" जो बदल करायचा तो शनिवारपर्यंत करा. त्यानंतर दिवाळीपर्यंत काना-मात्राही हलवू नका, अगदी तुमच्या सासूबाईंची या सीझनची एकुलती एक फेरसंधी संपली असेल आणि दुसरीसाठी त्या तुमच्याच स्वयंपाकघरात येऊन उभ्या असतील तरीही.